दर महिन्याला एनआय (नॅशनल इन्शुरन्सचा हप्ता) कापतात, मग ईएसए (आजारपणाचा सरकारी भत्ता) नाकारला कसा? (यूके, स्किल्ड वर्कर व्हिसा)

निशिगंध_रीडिंग

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब झालीये, पण पूर्ण वाचाल तर उपकार होतील.

आम्ही जून २०२२ ला पुण्याहून रीडिंगला आलो. नवऱ्याच्या आयटी कंपनीने क्लायंटकडे पाठवलं होतं, तेव्हाचा व्हिसा ट्रान्सफरवाला होता. मग जानेवारी २०२४ मध्ये त्याने इथलीच एक छोटी कंपनी धरली, स्किल्ड वर्कर व्हिसा मिळाला, घडी बसली असं वाटत होतं तोवर गेल्या मे महिन्यात त्याच्या पाठीने दगा दिला. जूनपासून घरीच आहे. ऑक्टोबरमध्ये मणक्याचं ऑपरेशन झालं, अजूनही अर्धा तास सलग बसवत नाही, बसला की पायात मुंग्या आणि मग अख्खी संध्याकाळ आडवा.

कंपनीने सुरुवातीला थोडे दिवस पूर्ण पगार दिला, नंतर फक्त एसएसपी, म्हणजे मालकाने द्यायचा कायद्याने ठरलेला आजारपणाचा पगार, आठवड्याला ११८ पाउंड ७५ पेन्स. तेही २८ आठवडे झाले म्हणून डिसेंबरच्या मध्यावर बंद. एचआरने एसएसपी१ नावाचा फॉर्म हातात दिला आणि म्हणाले आता न्यू स्टाइल ईएसएला अप्लाय करा. आम्ही लगेच त्याच आठवड्यात ऑनलाइन केलं. जानेवारीत पत्र आलं की तुमचे नॅशनल इन्शुरन्सचे हप्ते पुरेसे नाहीत सबब मिळणार नाही. आता मला सांगा, नवऱ्याच्या प्रत्येक पेस्लिपवर एनआय कापलेलं दिसतंय, महिन्याला दीडशे-दोनशे पाउंड जातात, आणि हे म्हणतात पुरेसं नाही? मग किती भरायचं माणसाने?

त्यात त्याचा एक सहकारी म्हणाला की बरं झालं नाही मिळालं, तुमच्या व्हिसावर पब्लिक फंड्स चालत नाहीत, मिळालं असतं तर पुढे पीआरला लफडं झालं असतं. आता मला कळेनासं झालंय की भांडायचं की गप्प बसायचं.

आणि दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. मी दोन ठिकाणी काम करते, एका केअर होमच्या किचनमध्ये आठवड्याला ८ तास आणि एका दुकानात ९ तास, दोन्हीकडे मिनिमम वेज. माझ्या स्लिपवर एनआय शून्य दिसतं. उद्या मी आजारी पडले तर मला काहीच नाही का? घर सध्या माझ्या पगारावर आणि सेव्हिंग्जवर चाललंय म्हणून विचारतेय.

---

बंड्या_हाउन्स्लो

ताई, सहकारी बरोबर बोलतोय. व्हिसावर स्पष्ट लिहिलेलं असतं नो पब्लिक फंड्स. आमच्या ओळखीत एकाने चाइल्ड बेनिफिट घेतला होता आणि नंतर त्याला वकिलाकडे पळावं लागलं. आयएलआर (म्हणजे पीआर, कायमचं राहायची परवानगी) होईपर्यंत सरकारकडून एक पैसा घेऊ नका, मित्रांकडून उसने घ्या पण हे नको.

दुसरं म्हणजे एनआयमध्ये गॅप असेल तर ऑनलाइन व्हॉलंटरी भरता येतं. २०२२-२३ चा गॅप दिसत असेल तर तो भरून टाका, प्रश्न मिटला.

---

स्लाव_मावशी

बंड्या, तुझा हेतू चांगला आहे पण दोन्ही गोष्टी चुकीच्या सांगितल्यास आणि दुसरीत तर तिचे शेकडो पाउंड पाण्यात जातील, म्हणून आधी तेच निस्तरते.

मी गेली बरीच वर्षं इथे एका सल्ला केंद्रात व्हॉलंटियर आहे, वकील नाही, पण ईएसएचे कागद रोज बघते.

पब्लिक फंड्स ही इमिग्रेशन रूल्समधली एक ठरलेली यादी आहे. त्यात युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा भत्ता) आहे, चाइल्ड बेनिफिट आहे, पीआयपी (अपंगत्वाचा भत्ता) आहे, हाउसिंग बेनिफिट, काउन्सिल टॅक्समधली सूट, असं बरंच आहे. चाइल्ड बेनिफिटवाला तुझा ओळखीचा अडकला तो त्यामुळे. पण एनआयच्या जोरावर मिळणाऱ्या गोष्टी त्या यादीत नाहीत. एसएसपी नाही, मॅटर्निटी पे नाही, न्यू स्टाइल ईएसए नाही, न्यू स्टाइल जेएसए (बेकारी भत्ता) नाही, स्टेट पेन्शन नाही. तुम्ही विम्याचा हप्ता भरलात, त्याचा क्लेम करताय, इतकं साधं आहे. व्हिसावाल्या माणसाने निर्धास्त मागावं. आपल्या लोकांत ही भीती इतकी बसलीये की हक्काचं सोडून देतात आणि वर म्हणतात नको ती कटकट. फक्त निशिगंध, एक लक्षात ठेव, ईएसए मागताना कोणी म्हणालं की सोबत युनिव्हर्सल क्रेडिटही टाका, तर ते मात्र टाकायचं नाही. ते यादीत आहे.

आता व्हॉलंटरी एनआय. तो क्लास ३ असतो. तो स्टेट पेन्शनसाठी मोजला जातो, ईएसएसाठी धरतच नाहीत. पेन्शनसाठी भरायचा तर जरूर भरा, पण आत्ता घरात पैशाची ओढाताण असताना ह्या कारणासाठी नको.

आता मुख्य मुद्दा, नाकारलं का. मला एकच सांग अगं, २०२२ मध्ये आलात तेव्हा नवऱ्याचा पगार पुण्यातूनच होता का? पीएफ तिकडे कापला जात होता का? आणि इथल्या स्लिपवर एनआय पहिल्यांदा कधी कापलं गेलं ते बघून सांग. मला अंदाज आलाय पण तू सांग आधी.

---

निशिगंध_रीडिंग

मावशी, किती बरं वाटलं वाचून. हो, पहिलं दीड वर्ष पुण्याच्याच कंपनीचा माणूस म्हणून होता, पीएफ तिकडे चालू होता, इथे अलाउन्स मिळायचा. आत्ता सगळ्या जुन्या स्लिपा काढल्या. एनआयची ओळ पहिल्यांदा जून २०२३ च्या स्लिपवर आहे, त्याआधी त्या रकान्यात ०.०० आहे. आणि एचएमआरसीच्या (इथल्या टॅक्स खात्याच्या) ॲपवर २०२२-२३ समोर वर्ष पूर्ण नाही असं दाखवतंय, २०२३-२४ आणि २०२४-२५ व्यवस्थित आहेत.

---

स्लाव_मावशी

हां. मग तेच. आता नीट वाच, ही गोष्ट शंभरातल्या नव्वद लोकांना माहीत नसते.

बाहेरच्या देशातल्या कंपनीने इथे काही काळासाठी पाठवलेला माणूस, आणि त्या देशाशी सोशल सिक्युरिटीचा करार लागू नाही, तर पहिले ५२ आठवडे त्याला इथलं एनआय लागत नाही. म्हणून जून २०२२ ते जून २०२३ शून्य. (भारताबरोबर २०२५ मध्ये व्यापार करार झाला त्यासोबत तेव्हा असं ठरलं की अशा लोकांना तीन वर्षांपर्यंत इथे भरावं लागणार नाही. हातात येणारा पगार वाढेल म्हणून सगळे खूश आहेत, पण तो लागू झाला की ट्रान्सफरवर येणाऱ्यांचं इथलं एनआय रेकॉर्ड काही वर्षं कोरं राहणार हे कोणी बोलत नाही. असो.)

आता ईएसए देताना ते तुमची आजची पेस्लिप बघतच नाहीत. ते बघतात दोन टॅक्स वर्षं, आणि कुठली दोन, तर क्लेम ज्या बेनिफिट वर्षात येतो ते सुरू व्हायच्या आधी पूर्ण झालेली शेवटची दोन. टॅक्स वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल हे माहीत आहेच. पण बेनिफिट वर्ष जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. इथेच तुमची गाडी अडकली.

तुम्ही क्लेम केला डिसेंबर २०२५ मध्ये. तेव्हा चालू होतं ५ जानेवारी २०२५ ला सुरू झालेलं बेनिफिट वर्ष. त्या तारखेच्या आधी पूर्ण झालेली दोन टॅक्स वर्षं कोणती? २०२३-२४ आणि २०२२-२३. आणि २०२२-२३ तुमचं कोरं. २०२५ मधला मोठा कापलेला एनआय त्यांनी बघितलाच नाही कारण नियमात तो बसत नाही.

आता चालू आहे २०२६ चं बेनिफिट वर्ष, ४ जानेवारीला सुरू झालं. आज क्लेम केलास तर बघणार २०२३-२४ आणि २०२४-२५. कोरं वर्ष मागे पडलं!

अटी दोन आहेत. पहिली, ह्या दोनपैकी निदान एका वर्षात किमान २६ आठवडे लोअर अर्निंग्ज लिमिटइतक्या (म्हणजे एनआय रेकॉर्डला धरायची किमान कमाई) कमाईवर क्लास १ (नोकरदारांचा) किंवा क्लास २ (स्वतःचा धंदा करणाऱ्यांचा) एनआय भरलेला असला पाहिजे, नुसतं क्रेडिट (न भरता सरकारने नावावर धरलेलं) चालत नाही, प्रत्यक्ष भरलेलं. तुझ्या नवऱ्याचं २०२४-२५ अख्खं वर्ष भरलेलं आहे, झालं. दुसरी अट, दोन्ही वर्षांत प्रत्येकी त्या लिमिटच्या पन्नास पट कमाईवर भरलेलं किंवा क्रेडिट मिळालेलं असलं पाहिजे. त्या दोन्ही वर्षांत लिमिट आठवड्याला १२३ पाउंड होतं, म्हणजे ६,१५० पाउंड. इथे आठवडे मोजत नाहीत, कमाई मोजतात. २०२३-२४ मध्ये जून ते एप्रिल एवढेच महिने भरलेत तरी आयटीवाल्या पगारात ६,१५० केव्हाच पार झाले असणार. म्हणजे दोन्ही अटी पूर्ण.

तेव्हा जुन्या निर्णयावर मँडेटरी रीकन्सिडरेशन (त्याच खात्याकडून फेरविचार) वगैरे मागत बसू नकोस, तो निर्णय त्या वेळच्या नियमाने बरोबरच होता, महिना-दोन महिने फुकट जातील. सरळ नवीन क्लेम टाक. फॉर्मवर विचारतात कधीपासून हवा, तिथे मागची तारीख घाल, तीन महिन्यांपर्यंत मागे जाता येतं. डिसेंबरचं काही मिळणार नाही, पण ४ जानेवारीपासूनचं माग, आणि त्या दिवसापासूनच्या फिट नोटा (आजारपणामुळे काम जमत नाही असे दाखले) सलग जोड.

रक्कम फार नाहीये, आधीच सांगते, हे २०२५-२६ चे दर. पहिले १३ आठवडे असेसमेंटचे, त्यात २५ च्या वरच्या माणसाला आठवड्याला ९२ पाउंड ५ पेन्स. पुढे दोन गट आहेत, ज्यात काम शोधायच्या तयारीची अपेक्षा असते त्यात तेवढेच, आणि ३६५ दिवसांनी बंद. दुसरा सपोर्ट ग्रुप, त्यात १४० पाउंड ५५ पेन्स, आणि त्याला मुदत नाही. तुझा पगार किंवा तुमचं सेव्हिंग ह्यात बघत नाहीत, ही एक चांगली गोष्ट. आणि ईएसए चालू असेपर्यंत त्याला एनआयचं क्लास १ क्रेडिट मिळत राहतं, म्हणजे आजारपणातली वर्षं तरी कोरी जात नाहीत.

तुझ्या कामांबद्दल रात्री लिहिते, आत्ता निघायचंय.

---

ठाणेकर_काका

मी ठाण्यातच असतो, मुलगी लीड्सला म्हणून हा फोरम वाचतो. स्लावच्या मावशींनी जे दोन वर्षं मागे जाऊन बघतात सांगितलं ते वाचून हसू आलं, कारण आपल्याकडे ईएसआयसीतही (कामगारांच्या सरकारी विम्यात) अगदी हाच घोळ. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कारखान्यात अकाउंट्सला होतो, कामगार दर महिन्याला येऊन हेच विचारायचे की साहेब हप्ता तर कापलाय मग सिकनेस का नाही. त्यांना समजवायचो, एप्रिल ते सप्टेंबर जो हप्ता भरलास त्याचा हक्क लागतो पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, आणि ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. त्या सहा महिन्यांत ७८ दिवसांचा हप्ता हवा. नवा माणूस लागला की पहिले काही महिने त्याचे असेच अधांतरी.

फक्त एक फरक आहे तो मला पटत नाही. ईएसआयसीत पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवस. आता पगाराची मर्यादा २१ हजार असल्यामुळे बरेच जण बाहेर राहतात ते सोडा, पण जो आत आहे त्याला पगाराच्या हिशोबाने मिळतं. तिकडे महिना चार हजार पाउंडवाल्यालाही ११८ आणि हजारवाल्यालाही ११८. एवढा श्रीमंत देश आणि ही तऱ्हा.

---

डे_रेट_मिल्टनकीन्स

मध्येच घुसतोय, माफी. मी लिमिटेड कंपनीवाला कॉन्ट्रॅक्टर, आयएलआर झालंय. माझ्या अकाउंटंटने गेल्या एप्रिलपासून डायरेक्टरचा पगार वर्षाला ५,००० केला, बाकी डिव्हिडंड. म्हणाला त्यावर कंपनीला एनआय शून्य लागतं. हा धागा वाचून पोटात गोळा आला. मी पडलो आजारी तर माझं काय?

---

स्लाव_मावशी

डे_रेट, तुझं सोपं आहे आणि वाईटही. डिव्हिडंडवर एनआय नाही म्हणजे रेकॉर्डही नाही. राहिला पगार. ह्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, लोअर अर्निंग्ज लिमिट आठवड्याला १२५, वर्षाचे झाले ६,५००. ५,००० पगारावर तू लिमिटच्या खाली, म्हणून हे वर्ष कोरं, पेन्शनलाही आणि ईएसएलाही. ६,५०० केलास तर तुझ्या खिशातून एनआय तरीही शून्यच, कारण तुझा हिस्सा १२,५७० नंतर सुरू होतो, पण रेकॉर्डवर भरलेलं धरतात. कंपनीला ५,००० च्या वरच्या १,५०० वर १५ टक्के, म्हणजे २२५ पाउंड वर्षाला. २२५ पाउंडासाठी अख्खं वर्ष घालवणारा अकाउंटंट मला तरी नको. ५ एप्रिलच्या आत पगाराचा फरक काढून घे, डायरेक्टरचा हिशोब वर्षाचा धरतात, त्यामुळे अजून वेळ आहे.

आता निशिगंध, तुझं. ८ तास आणि ९ तास, २०२५-२६ चं मिनिमम वेज तासाला १२ पाउंड २१. म्हणजे एका ठिकाणी साधारण ९८ आणि दुसरीकडे ११० पाउंड. एकूण दोनशेच्या वर कमावतेस पण लिमिट नोकरीगणिक बघतात, बेरीज करत नाहीत. दोन्ही १२५ च्या खाली, म्हणून दोन्हीकडून एसएसपी नाही आणि एनआय रेकॉर्डही शून्य. बायकांचं हे फार होतं, दोन-तीन छोटी कामं धरून दिवसभर राबतात आणि कागदावर काहीच उमटत नाही.

ह्यातलं अर्धं एप्रिलमध्ये सुधारतंय. ६ एप्रिल २०२६ पासून एसएसपीला कमाईची ती खालची मर्यादा राहणार नाही, आणि पहिले तीन दिवस जे फुकट जायचे तेही जाणार नाहीत, पहिल्या दिवसापासून मिळेल. कमी पगारवाल्यांना सरासरी पगाराच्या ८० टक्के किंवा ठरलेला दर, जे कमी असेल ते. तुझ्या बाबतीत ९८ चे ७८ आणि ११० चे ८८, दोन्ही मालकांकडून वेगवेगळे, कारण एसएसपी प्रत्येक नोकरीची असते.

पण ईएसएसाठीचं एनआय रेकॉर्ड ह्या बदलाने भरत नाही, ती मर्यादा तिथे आहे तशीच. म्हणून माझं ऐकशील तर दुकानातल्या मॅनेजरला विचार की आठवड्याला साडेदहा तास देतील का. साडेदहा गुणिले १२.२१ म्हणजे १२८ होतात, लिमिट पार. मग पगारातून एक पेनी न कापता तुझं एनआय भरलेलं धरायला लागतील. वाटल्यास किचनचे तास दीडने कमी कर, एकूण तेवढंच काम. फक्त पगार महिन्याने होतो का आठवड्याने ते बघ, आणि एप्रिलमध्ये लिमिट आणि वेज दोन्ही बदलतात, तेव्हा पुन्हा एकदा गुणाकार कर.

---

बंड्या_हाउन्स्लो

मावशी कान पकडले. क्लास ३ चं मला खरंच वाटायचं सगळ्याला चालतं. पण एक शंका उरतेच, नवरा एवढे महिने पगाराविना घरी आहे, स्पॉन्सरशिपचं काय? चार आठवडे बिनपगारी सुट्टी झाली की कंपनीला स्पॉन्सरशिप काढावी लागते असं ऐकलंय.

---

स्लाव_मावशी

ऐकलंस ते अर्धं बरोबर. वर्षात चार आठवड्यांहून जास्त बिनपगारी रजा झाली तर साधारणपणे स्पॉन्सरशिप थांबवावी लागते, पण त्याला अपवाद आहेत आणि आजारपणाची रजा हा त्यातला एक. मॅटर्निटीही तशीच. त्यामुळे नुसता आजारी आहे म्हणून व्हिसा जात नाही. मात्र नोकरीच गेली तर प्रकरण वेगळं, आणि ते मी इथे सांगणार नाही, त्यासाठी इमिग्रेशनचा सल्लागार हवा. इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंद असलेलाच गाठ, व्हॉट्सॲप ग्रुपवरचा नको. आणि एचआरशी जे बोलणं होईल ते ईमेलवर, फोनवर झालंच तर नंतर दोन ओळींचं मेल टाकायचं की आज असं असं बोलणं झालं.

---

निशिगंध_रीडिंग

मावशी, नवीन क्लेम टाकला काल रात्री! ४ जानेवारीपासून मागितलंय. ठाणेकर काका, तुमचं ईएसआयसीचं उदाहरण सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवलं, ते पूर्वी भोसरीला कंपनीत होते, लगेच म्हणाले अगदी असंच असतं, त्यांनाच आधी विचारायला हवं होतं बहुतेक. दुकानात पण विचारलं, मॅनेजर म्हणाला मार्चपासून शनिवारचे दोन तास वाढवतो.

आता एकच विचारते, म्हणतात की एक मोठा प्रश्नावलीचा फॉर्म येतो आणि मग असेसमेंट होतं, आणि त्यात बरेच लोक नापास होतात. नवऱ्याचा स्वभाव असा आहे की डॉक्टरने विचारलं कसं वाटतंय तर हा म्हणतो बरंय आता. घरी रात्री कण्हत असतो. त्याच्यापुढे फॉर्म ठेवायची भीती वाटते.

---

स्लाव_मावशी

अगं सगळ्यांचे नवरे असेच. "बरंय आता" ह्या दोन शब्दांनी मी किती क्लेम बुडालेले बघितलेत. फॉर्म तू शेजारी बसून भर.

तो फॉर्म गुणांचा असतो, १५ गुण लागतात. कामाच्या जागी, बसून म्हणा किंवा उभं राहून, बहुतेक वेळा अर्ध्या तासाहून जास्त टिकता येत नाही, उठून जावंच लागतं, ह्याला ९ गुण आहेत. इथे लक्ष दे, बसणं आणि उभं राहणं आलटून पालटून धरतात, म्हणजे बसवत नाही पण उभा राहून तासभर काम करू शकतो असं निघालं तर हे गुण जातात. म्हणून दोन्ही मिळून किती वेळ निभतं ते लिहा. चालण्याचे वेगळे आहेत, २०० मीटरच्या पुढे त्रास न होता जाता येत नसेल तर ६, १०० मीटर तर ९, आणि ५० मीटरच्या पुढे जमतच नसेल तर तिथेच १५. नऊ आणि सहा झाले पंधरा, बघ.

आणि एकदा कसंबसं जमलं ते जमलं धरायचं नाही. पुन्हा पुन्हा, रोज, ठीकठाक वेळात जमतं का, हे विचारताहेत ते. समजा चालत कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि परत येऊन दोन तास पडून राहिला, तर ते पडून राहणं लिही. कुठली गोळी किती वेळा, घेतल्यावर किती झोप येते, मोजे कोण घालून देतं, केटल उचलताना काय होतं, असं रोजचं. "तीव्र वेदना होतात" असली भारदस्त वाक्यं नकोत, ती सगळेच लिहितात. ऑपरेशनची डिस्चार्ज समरी आणि फिजिओचं पत्र जोड, मूळ कागद देऊ नकोस, कॉपी.

असेसमेंट फोनवर झालं तरी तू खोलीत बस, चालतं ते. तो बरंय म्हणाला की कोपराने ढोसायचं. निकाल विरुद्ध गेला तर मँडेटरी रीकन्सिडरेशनला एक महिना असतो आणि त्यापुढे ट्रायब्युनल आहे, तेव्हा पुन्हा इथे लिही.

---

डे_रेट_मिल्टनकीन्स

अपडेट, अकाउंटंटशी बोललो. म्हणाला तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगितलं नाही. मार्चच्या पेरोलमध्ये १,५०० टाकतोय. आता नवीन माणूस शोधतो, मिल्टन कीन्स किंवा बेडफर्डकडे कोणी असेल तर मेसेज करा.

---

निशिगंध_रीडिंग

मावशी, हे सगळं कॉपी करून ठेवलंय. मोजे मीच घालून देते, हे लिहायचं असतं हे डोक्यातही आलं नसतं. फिट नोट ह्या शुक्रवारी संपतेय, ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट मार्चमध्ये आहे, तोवर चालेल ना? की जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) आणू?

---

स्लाव_मावशी

नाही चालणार, मध्ये एक दिवसाचीही फट नको, क्लेम तिथेच लटकतो. हॉस्पिटलची वाट बघू नकोस. जीपीच हवा असंही नाही, २०२२ पासून नर्स, फिजिओ, फार्मासिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट ह्यांचीही सही चालते, त्यामुळे त्याचा फिजिओ ह्या आठवड्यात भेटणार असेल तर त्याच्याकडूनच घे, नाहीतर उद्या सकाळी आठला जीपीच्या दवाखान्याची फोन लाइन उघडली की लगेच फोन लाव. आणि नोटवर शनिवारपासूनची तारीख पडलीये ना ते फोन ठेवायच्या आधी विचारून घे.